रुमालाखालचा आकडा

हणमंतप्पानं उभ्या जन्मात बैलाची किंमत तोंडानं सांगितली नव्हती. गुरुवारच्या जनावरांच्या बाजारात दलाल म्हणून उभं राहायचं, घेणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वरून रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून बोलायचं, हा त्याचा धंदा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. पंजा दाबून वर परत बोट धरलं की सहा, सात असं पुढं. मूठ वळून दिली की शून्य. भोवती माणसं वाकून वाकून बघायची, पण त्यांना दिसायचा फक्त रुमाल आणि त्याच्या आत काहीतरी वळवळतंय एवढंच. सौदा फिसकटला तरी कुणाचा भाव कुठं अडला हे तिसऱ्याला कळत नसे. शेजारच्या दावणीचा एखादा नंतर चहा पाजून विचारायचा. आप्पा चहा पिऊन घ्यायचा आणि म्हणायचा, "रुमालाला इचार."

उमरग्यातनं हमरस्ता सोडून कर्नाटकाच्या अंगानं आत वळलं की आमचं गाव. इकडं देवणी जातीचं जनावर लई. त्या जनावरांच्या धंद्यात आप्पाचं नाव झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तो खोड सांगून विकायचा. बैल औताला बसतो, गाय धारेला लाथ मारते, खोंड एका डोळ्यानं अधू आहे. आधी खोड, मग रुमाल. हे काही तो मोठा धर्मात्मा होता म्हणून नव्हे. खोड लपवली तर पुढच्या गुरुवारी जनावर परत येतं आणि त्याच्यासंगं चार काठ्याही येतात, हे त्यानं तरुणपणी एकदा अंगावर शिकून घेतलं होतं. पण कारण काही का असेना, आप्पानं सांगितलं म्हणजे झालं, असं बाजारात बोलायची रीत पडली. दलालापाशी विकायला स्वतःचं असतं तरी काय. बैल दुसऱ्याचा, पैसा तिसऱ्याचा. त्याची एवढी एक जबान असते.

फोन त्याला लेकानं घेऊन दिला. लेक उत्कर्ष हैदराबादच्या रस्त्याला ट्रक चालवतो. घेणाऱ्याला आता जनावराचा फोटो आधी लागतो, मग पाय बाजाराकडं वळतात, हे त्यानं बापाला पटवलं. आप्पानं फोन खोंड घेतल्यासारखा घेतला. फिरवून बघितला, बोटानं ठोकून बघितला, आणि "तापतोय जरा" एवढी खोड काढून खिशात घातला. पुढं तो त्यात इतका रमला की बैलाला आधी उन्हात उभा करायचा, मग सावलीत, मग परत उन्हात, आणि बैल वैतागून शेण टाकायचा तेव्हाच नेमका फोटो निघायचा. फोटो फेसबुकला जायचे, व्हॉट्सॲपला जायचे. खाली कुणी "किंमत?" विचारलं की आप्पा आवाज भरून पाठवायचा, "बाजारात या. हात आणा."

फोनच्या बाबतीत गावात त्याच्याइतका सावध माणूस नव्हता. आज रात्री तुमची लाईट कापली जाईल असा मेसेज आला, तर म्हणायचा, "कापा की. तशीबी कुठं असती." लॉटरी लागली म्हणून कळलं की विचारायचा, "म्या तिकीट काढलं कधी?" अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल आला की फोन सरळ बायकोच्या, लक्ष्मम्माच्या हातात द्यायचा. ती कर्नाटकातल्या माहेरची. तिनं कानडीत काय म्हणायचं ते म्हटलं की तिकडून परत कॉल येत नसे.

मागं ग्रामपंचायतीपुढं पोलिसांचा कार्यक्रम झाला. मोबाईलवरची फसवणूक, लिंक, ओटीपी. पोलीसबाईंनी सांगितलं, फोनवर जो आकडा येतो ती तुमच्या घराची किल्ली आहे, ती कुणाच्या हाती द्यायची नाही. आप्पा पहिल्या रांगेत होता. उठून म्हणाला, "बाई, हे तर आमी बापजाद्यापासनं करतो." त्या दिवसापासून पारावर त्याची शिकवणी सुरू झाली. "आकडा म्हणजे काय? अब्रू. चार माणसांत तोंडानं बोलायचा न्हाय. ज्याचा त्याला कळावा, बाकीच्याला वारा लागू नये." ऐकणारे माना हलवायचे. पोलीसबाई बोलल्या ते आणि आप्पा बोलायचा ते यात जेवढा फरक होता, तेवढा कुणाच्या ध्यानात आला नाही. आप्पाच्याही नाही.

मग तो सोमवार आला. फोनची काच फुटली म्हणून आप्पानं तो उमरग्याला बब्रुवानच्या दुकानात टाकला. बब्रुवान आमच्याच गावचा, स्टँडामागं त्याचं मोबाईलचं छोटं दुकान. त्यानं काच बदलली, फडक्यानं पुसून दिली, आणि देता देता म्हणाला, "आप्पा, तुमच्या व्हॉट्सॲपला पिन घालून देऊ का? कुणी घुसायला बघितलं तर अडतंय."

"माझ्यात कोन घुसतंय," म्हणून आप्पानं फोन खिशात घातला.

मंगळवारी दुपारी त्याला फोन आला. माणूस गोड बोलत होता. बिदरकडचा व्यापारी शिवानंद, असं त्यानं नाव सांगितलं. त्याच्या व्हॉट्सॲपच्या फोटोत फेटा, फेट्याशेजारी बैलाचं वशिंड.

"आप्पा, तुमच्या पांढऱ्या जोडीचा फोटो बघितला. काळजात बसली बगा जोडी."

"जोडी अण्णारावची हाय. म्या मधला. डावा बैल जरा मठ्ठ हाय, आधीच सांगतो."

"असू द्या. आमचा मोठ्या व्यापाऱ्यांचा ग्रुप हाय, बिदर, गुलबर्गा, हैदराबाद. तुमाला त्यात घेतो. आता तुमच्या फोनवर सहा आकडे येतेन, तेवढे सांगा. तेनंच दार उघडतंय."

आकडे आले. खाली बारीक अक्षरांत काहीबाही होतं, पण आप्पाच्या डोळ्यांना आकडे तेवढे मोठे दिसले.

"आले. पर आकडा म्या तोंडानं बोलत न्हाय."

तिकडचा माणूस गोंधळला. मग, "म्हणजे?"

"रुमालात देतो. व्हिडिओ लावा."

आप्पा गोठ्यापुढच्या बाजेवर बसला होता. रस्त्यानं माणसं जात-येत होती. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून डोक्यावरनं घेतला, फोनही त्याच्यात घेतला, आणि आत पंजा धरला. लक्ष्मम्मा शेणाची पाटी घेऊन आली, तर नवरा रुमालात मुंडकं घालून बसलेला.

"काय करलालाव? वाफ घेताव का?"

"सौदा चालू हाय. जा तिकडं."

आतनं शिवानंद म्हणाला, "आप्पा, अंधार हाय. काहीच दिसंना."

"बॅटरी आण गं."

लक्ष्मम्मानं बॅटरी आणली आणि पदर आवरत रुमालाच्या आत धरली. आता तिथं उजेड झाला. आप्पानं पहिला आकडा दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला शिवानंद अडला.

"हे पाच का सहा?"

"व्यापारी हाव अन् बोटं येईनात?"

"आमच्याकडं समदं मोबाईलवरच चालतंय आता, आप्पा. जुनी माणसं गेली. आमाला शिकवलं कुणी?"

आप्पाला त्याची कीव आली. एवढा मोठा व्यापारी, बिदरचा, आणि त्याला पंजा कळेना. त्यानं हातातला सौदा बाजूला ठेवला आणि आधी शिकवायला घेतलं. "हे बगा. पंजा दाबला की पाच. वर बोट धरलं की एक वाढला. आता तुमी करून दाखवा." तिकडून शिवानंदनं पंजा केला, वर बोट केलं. एकदा चुकला, आप्पानं दुरुस्त केलं. मग सहाच्या सहा आकडे सुरळीत गेले. आप्पा म्हणाला, "शाबास."

"आप्पा, तुमच्यासारखा माणूस बघितला न्हाय," शिवानंद म्हणाला. अख्ख्या बोलण्यात तो तेवढं एकच खरं बोलला असावा.

आप्पानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला. आकडा कुणाच्या कानावर गेला नव्हता, कुणाच्या नजरेस पडला नव्हता. रस्त्यानं जाणाऱ्याला नाही, शेजाऱ्याला नाही. ज्याच्यापासून जपायचा होता, तेवढ्यालाच तो नीट शिकवून दिला गेला.

दिवस मावळायला आप्पाचं व्हॉट्सॲप बंद पडलं. तो म्हणाला, रिचार्ज संपला असेल. तोवर तालुक्यातल्या निम्म्या जनावरवाल्यांच्या फोनवर आप्पाच्या नावानं मेसेज पोचला होता. देवणी जोडीचे फोटो, लगेच बघा, गिऱ्हाईक लागलंय. खाली एक फाईल. फाईल दाबली की फोन विचारायचा, हे इन्स्टॉल करायचं का? अण्णाराव, म्हणजे त्या जोडीचाच मालक, त्यानंही दाबलं. आपल्याच बैलांचे फोटो बघायला त्यानं सगळ्या प्रश्नांना होय होय म्हटलं. आप्पानं पाठवलंय म्हटल्यावर नाही कशाला म्हणायचं. फोटो काही दिसले नाहीत. सकाळी उठून बघितलं तर बँकेतला दुधाचा पगार दिसला नाही.

काही जणांना वेगळाच मेसेज गेला. लक्ष्मम्मा दवाखान्यात आहे, निकड आहे, या नंबरवर पाठवा. तिचा भाऊ पैसे पाठवायच्या भानगडीत पडला नाही. तो आळंदकडनं जीप करून, चार बायका घेऊन, रडतच आला. लक्ष्मम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. एवढ्या लांबून आलेली माणसं रिकामी कशी लावायची म्हणून तिला आणखी दोन पाट्या भाकरी थापाव्या लागल्या. ती पिठाचा हात न धुताच म्हणाली, "मेल्यावर तरी एवढी येतेन का बघावं."

घरात फोनचं कळणारी एकच, सून हर्षाली. ती आशा म्हणून काम करते, तिच्या फोनमध्ये सरकारी ॲप आणि गावातल्या बाळंतिणी यांची कायम गर्दी. बुधवारी तिनं पदर खोचला. अण्णारावला आधी फोन विमान मोडवर टाकायला लावला, दुसऱ्याच्या फोनवरनं बँकेला कळवलं, फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० ला लावून तक्रार नोंदवली. थोडा पैसा वाटेतच अडकून राहिला, बाकीचा गेला.

"पोरी, फोटोच व्हते गं," अण्णाराव म्हणाला.

"मामा, फोटोला कधी इन्स्टॉल करावं लागतंय का? फोटो निसता दिसतोय. जो आत घर मागतोय तो फोटो नसतोय."

सासऱ्याच्या व्हॉट्सॲपसाठी तिनं परत नंबर टाकला. नवा आकडा आला, तो तिनं भरला. चोर त्यातनं बाहेर पडला, पण जाताना आत स्वतःचा पिन घालून गेला होता. आठवडाभर थांबा, असं फोन म्हणाला. म्हणजे घर परत मिळालं, पण कडी आतनं लागलेली.

दुपारी ती सासऱ्याला घेऊन पोलिसांत गेली. तिथल्या बाईंनी विचारलं, "आजोबा, आकडा कुणाला सांगितला का?"

"तोंडातनं एक आकडा भाईर गेला न्हाय, बाई. भवानीची आन."

शपथ खरी होती. बाईंनी तसं लिहून घेतलं. मग विचारलं, "फोन कुणाच्या हातात गेला होता का मध्ये?"

"सोमवारी बब्रुवानकडं व्हता. काच बदलाया."

हेही खरंच होतं. आप्पा खोटं बोलणारा माणूसच नव्हे. दोन खऱ्या गोष्टी त्यानं शेजारी शेजारी ठेवल्या आणि घरी आला. संध्याकाळपर्यंत गावानं त्या दोन्ही एका दाव्याला बांधल्या. आप्पानं आकडा दिला नाही, आप्पा खोटं बोलत नाही, मग उरला कोण? काच बदलणारा.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बाजारात आप्पा नेहमीच्या लिंबाखाली उभा राहिला. माणसं रामराम करत होती, विचारपूस करत होती, पण हात देत नव्हती. आप्पाच्या नावानं आलेलं दाबलं आणि घर लुटलं गेलं, हे अजून ताजं होतं. त्याला दोष कुणी देत नव्हतं. नुसतं, त्याचा रुमाल दिसला की दुसऱ्या दलालाकडं वळत होतं. अण्णारावची पांढरी जोडीही त्या दिवशी विकली नाही.

बब्रुवानचं त्याहून वाईट झालं. दुरुस्तीला टाकलेले फोन लोक तसेच उघडे, मोडके परत घेऊन गेले. अण्णारावनं दुकानापुढं उभं राहून त्याच्या बाप-आजोबापर्यंत सगळं काढलं. गाळ्याच्या मालकानं महिनाअखेरीला दुसरी जागा बघ म्हणून सांगितलं. शनिवारी तो आप्पाच्या दारात आला. बाजेवर बसला नाही.

"आप्पा, तुमी माझं नाव घेतलं?"

"न्हाय. इचारलं तेवढं सांगितलं."

"मग एवढंबी सांगा की. बब्रुवानचा यात काय संबंध न्हाय म्हणून. माझं कुणी ऐकंना. तुमचं ऐकत्यात."

"तुझा संबंध न्हाय हे मला कसं ठावं?"

बब्रुवान त्याच्याकडं बघत राहिला. "तुमाला ठावं न्हाय, आप्पा?"

आप्पा बैलाकडं बघत होता. बैलाच्या कानामागं गोचीड होती, ती काढायला उठला. बब्रुवान गेला. गोचीड निघाली नाही.

आप्पाला कधी उमगलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं, आणि पारावरची शिकवणी बंद पडली, एवढं गावानं बघितलं. घरात हर्षाली रोज तेच विचारत होती. लिंक दाबली का? न्हाय. फाईल उघडली का? न्हाय. कुणी फोन करून आकडा विचारला का? इथं आप्पा म्हणायचा, "म्या सांगितला न्हाय." ती म्हणायची, "मामा, सांगितला का न्हाय ते सोडा. इचारला का कुणी?" आणि आप्पाला तेवढ्यात गोठ्यात काम निघायचं.

मंगळवारी जेवताना परत तेच सुरू झालं. आप्पानं "म्या सांगितला—" एवढं काढलं आणि चुलीपासनं लक्ष्मम्मा म्हणाली, "सुम्म, गप ऱ्हावा आता. बॅटरी म्या धरली व्हती."

"कसली बॅटरी?" हर्षालीनं विचारलं.

लक्ष्मम्मानं सांगितलं. रुमाल, पंजा, बिदरचा व्यापारी, त्याला दिलेली शिकवण, शाबास. हर्षाली आधी हसली. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली, पदर तोंडात घातला. मग हसणं अर्ध्यातच थांबलं, कारण तिला बब्रुवानची बायको आठवली असावी. ती बाई पोटुशी होती आणि हर्षालीच्याच यादीत होती.

"मामा," ती म्हणाली, "बाजारात रुमालाखाली दुसरा हात असतोय न्हवं?"

"असतोय."

"कुणाचा हाय ते कळतंय?"

"कळतंय की. घट्टे लागत्यात. घाम लागतोय. खोटा माणूस हात ढिला धरतोय."

"मग त्या दिवशी हात कुणाचा लागला?"

आप्पानं भाकरीचा तुकडा कोरड्यासात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "हात लागला कुठं, काचंतला पंजा तेवढा व्हता. फेट्याचा फोटो व्हता." जरा थांबून तो म्हणाला, "अन् मला कळलं व्हतं गं पोरी. ज्या व्यापाऱ्याला बोटं येत न्हायत तो व्यापारी न्हाय, हे शेंबड्याला कळंल. पर त्यो शिकवा म्हणला. मला कुणी कदी शिकव म्हणलं न्हवतं."

लक्ष्मम्मानं त्याच्या ताटात आणखी कोरड्यास वाढलं.

"गुरुवारी सांगून टाका," हर्षाली म्हणाली.

"सांगून? अन् मग बाजारात माझं काय ऱ्हातंय? आधीच हात देईनात. आता तर चोराचा मास्तर म्हणतेन."

"म्हणतेनच," लक्ष्मम्मा म्हणाली. "म्या पण म्हणणार हाय. दुसऱ्याच्या बैलाची खोड सांगताना कदी जीभ अडली न्हाय तुमची."

"बैलाला लाज नसती."

"म्हणून तर त्याच्याकडनं औत व्हतंय."

बुधवारी व्हॉट्सॲप उघडलं. हर्षालीनं पहिल्यांदा पिन घालायला घेतला. आकडा कोणता घालायचा म्हणून विचारलं आणि तोंड भिंतीकडं करून उभी राहिली. आप्पानं हळूहळू दाबलं. मग तिनं सगळ्यांना पाठवायला मेसेज लिहिला, की मागच्या आठवड्यात या नंबरवरनं आलेलं काहीही उघडू नका, उघडलं असेल तर मला फोन करा. तो मेसेज बहुतेकांनी उघडलाच नाही. आप्पाच्या नंबरवरनं आला होता ना.

गुरुवारी बाजार भरला. आप्पा लिंबाखाली गेला, पण उभा राहिला तो कुणाच्यातरी रिकाम्या बैलगाडीवर चढून. बाजाराला वाटलं, काहीतरी वाटायला आलाय. माणसं जमली. बब्रुवानला हर्षालीनं निरोप धाडून बोलावलं होतं. तो कडंला, हातांची घडी घालून उभा होता.

"ऐका," आप्पा म्हणाला. "आकडा म्या दिला. चोराला. माझ्या हातानं."

"तू तर भवानीची आन घेतलीस," अण्णाराव पुढं येत म्हणाला.

"आन खरी हाय. तोंडानं न्हाय दिला. बोटानं दिला. व्हिडिओ कॉलवर, रुमालाखाली. त्याला बोटं येत न्हवती, तर शिकवून दिला."

मग मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू बाजारभर असं पसरलं की दावणीची जनावरं माना वर करून बघायला लागली. एकानं विचारलं, "आप्पा, फी किती घेतली शिकवणीची?" दुसरा म्हणाला, "फी अण्णारावनं भरली की." तिसऱ्यानं हवेत पंजा करून वर बोट धरलं आणि विचारलं, "बराबर का मास्तर?"

आप्पा गाडीवरच उभा राहिला. हसू ओसरेपर्यंत थांबला. "बराबर," म्हणाला. "अन् बब्रुवानचा काडीचा संबंध न्हाय. उलट पिन घाला म्हणत व्हता, म्याच न्हाय म्हणालो. आन खरी घिऊन म्या खोटं वागलो. ही माझी खोड. सांगून ठिवतो. आता हात द्यायचा त्येनी द्या."

बब्रुवाननं हाताची घडी सोडली. आप्पाशी न बोलता तो सरळ अण्णारावपुढं जाऊन उभा राहिला. "काका, माझ्या बापाला काय काय म्हणला व्हता, ते परत घ्यावं लागतंय." अण्णाराव म्हणाला, "बापाचं घेतो. तुझ्या आजोबाचं पण काढलं व्हतं, त्ये ऱ्हाऊ दे, त्ये खरं व्हतं." बब्रुवानला हसू आवरलं नाही. एवढ्यावर त्यांचं मिटलं. गाळ्याच्या मालकाचं मिटायला मात्र बरेच दिवस गेले, आणि परत नेलेल्या फोनांपैकी निम्मे काही त्याच्याकडं परत आले नाहीत.

आप्पा गाडीवरनं उतरून लिंबाखाली आला. दुपार झाली. हात कुणी दिला नाही. रामराम मात्र भरपूर, आणि प्रत्येक रामरामासंगं एक पंजा. शेजारच्या दलालानं त्याला चहा पाजला. फुकट पाजला, काही विचारायचं नव्हतं त्याला, आणि आप्पाला तो चहा फार कडू लागला.

उन्हं कलायला लागल्यावर अण्णाराव जोडी घेऊन आला. दोन्ही बैल लिंबाला बांधले. बराच वेळ तंबाखू मळत बसला.

"डाव्याची खोड सांगणार?"

"मठ्ठ हाय. सांगणारच."

"मग वीक. पर रुमाल नगं."

"रुमाल नगं म्हणजे?"

"तोंडानं बोल. जोडीचा भाव काय, घेणारा काय देतोय, समद्यांम्होरं बोल. मला बी ऐकू दे एकदा माझ्याच बैलाचा भाव. तुझ्या रुमालात मला इतकी वर्षं कळलं न्हाय, तिकडं चोराला मातर कळलं."

आप्पानं रुमालाला हात घातला, हात तसाच मागं घेतला. कुणीतरी त्याला अंगावरचं धोतर सोडायला सांगितल्यासारखं त्याचं तोंड झालं. लातूरकडचा एक व्यापारी जोडी बघत उभा होता. आप्पानं त्याला डाव्या बैलाची खोड सांगितली. मग घसा खाकरला आणि किंमत बोलला. आवाज असा निघाला की व्यापाऱ्यानं विचारलं, "काय?" आप्पा परत बोलला, जरा मोठ्यानं.

बाजारात तोंडानं बोललेला आकडा लांब जातो. तिकडं निलंग्याचा एक जण गाडीत बैल चढवत होता, त्यानं ऐकलं आणि म्हणाला, एवढ्यात जाते का ही जोडी? आणि त्यानं वरचं बोलून टाकलं. लातूरवाला त्याच्यापुढं गेला. निलंगेवाला परत वर गेला. आप्पा मधी उभा राहून एकदा याचा, एकदा त्याचा आकडा ओरडत होता. शेवटी जोडी जिथं सुटली तो भाव रुमालात कधीच आला नसता, हे अण्णारावला कळलं, लातूरवाल्याला कळलं, आणि भोवती उभ्या सगळ्या दलालांनाही कळलं.

त्यांच्यातला एक जण जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आप्पा, म्हागल्या आठवड्यात चोराला शिकवलं, आता समद्या बाजाराला शिकवलालास. आमी खायचं काय?"

तोवर एक म्हातारी कालवडीचा कासरा धरून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली होती. "आप्पा, हिला खोड न्हाय," ती म्हणाली, "निसतं वरडून दे."

आप्पानं शेजारच्याला पाणी मागितलं. घसा बसला होता.